आपोआप झालं म्हणाल तर तीनशे

बाई दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात शिरण्याआधी चपला काढत.

कॉम्प्युटर असायचा तिकडे पालमला किंवा येलदरीला, बाई असायच्या जिंतुरात आपल्या दुकानात, आणि मधे अख्खा जिल्हा. तरी फोनवरून पलीकडच्या माणसाने जोडणीचा आकडा सांगितला, त्याचा पडदा आमच्या पडद्यावर उमटला, की बाई आधी चपला काढून टेबलाखाली जोडीने ठेवणार, पदर सारखा करणार आणि मगच माउसला हात लावणार. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, पाय दुखत असतील बिचारीचे. दुसऱ्या जोडणीला त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"तुझ्या कामून पायातच हायेत गं?"

"बाई, पर आपण तर इथंच बसलोय की."

"इथं? मग त्या पडद्यावर कुणाचं घर दिसायलंय?"

मी चपला काढल्या. तेव्हा मनातल्या मनात हसले होते, हेही सांगून टाकते. आजही लांबून कुणाचं मशीन दुरुस्त करायचं झालं की माझा पाय आपसूक टेबलाखाली चपला शोधतो, आणि माझा नवरा माझ्याकडे पाहून हसतो.

चपलांनंतर दुसरा विधी. बाई फोनवर विचारणार, "हात लावू का?" पलीकडून "लावा" आल्याशिवाय बाण जागचा हलणार नाही. पालमच्या सुमनताई, त्यांचं तिथे दाखले आणि अर्ज भरून द्यायचं सेवा केंद्र, एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो बाई, सकाळीच 'लावा' म्हणलं न मी?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळी आलते, निघून गेले. आता नव्यानं दार वाजवायले."

आणि तिसरं म्हणजे, आत गेल्यावर इकडेतिकडे बघायचं नाही. बैठकीत बोलावलंय तर बैठकीत बसायचं, स्वयंपाकघरात डोकावायचं नाही, ही त्यांची शिकवण. एका शाळेतल्या क्लार्कचं मशीन उघडलं तर पडद्यावर त्याचा लग्नाचा बायोडाटा. वय चांगलंच खाली आणलेलं. मला हसू फुटलं. बाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला, स्वतःचे डोळे मिटले आणि न्हाणीघराबाहेर उभं राहिल्यासारखं विचारत राहिल्या, "झाकलं का? अहो, झाकलं का?" त्या माणसाचं पुढे लग्न झालं. पेढे आमच्या दुकानात आधी आले.

बाईंना लोक बाई म्हणायचे कारण जिंतुरातल्या निम्म्या पोरापोरींना त्यांनीच टायपिंग शिकवलं होतं. पुढे टायपिंग शिकायला येणारं कुणी उरलं नाही, तेव्हा क्लासला कुलूप लागलं. ते कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं आणि त्याबद्दल बोलायची वेळ आली की त्या पाणी प्यायला उठत. टायपिंगची मशीनं भंगारात गेली. एक मात्र राहिलं. त्याची टाइप करायची अक्षरं झिजली होती, पण वरचा सरकता गाडा ढकलला की शेवटी घंटी अजून खणखणीत वाजायची. कुठलंही काम फत्ते झालं की बाई उठून तो गाडा सर्रकन ढकलायच्या. टिंग! समोरचा चहावाला तिकडून ओरडायचा, "झालं का बाई?" आणि बाई ओरडायच्या, "न झालेलं कधी बघितलंस का?"

नम्रपणा त्यांना कुणी शिकवला नव्हता. "या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला येत न्हाई," हे त्या वीजबिल आलंय म्हणावं इतक्या सहज म्हणत. न येणारं काम पुढ्यात आलं की म्हणत, "हे मला उद्या यील." आणि खरंच दुसऱ्या दिवशी यायचं, कारण रात्रीतून त्यांनी नाशिकच्या लेकीला फोन करकरून हैराण केलेलं असायचं.

आता दरांची गोष्ट, कारण बाईंना जिल्ह्यात ओळख मिळाली ती दरांमुळे. मी शिकून आले होते, म्हणून मी सुचवलं की तासावर पैसे घेऊ. बाई म्हणाल्या, "तासावर घेतले तर माझाच हात हळू चालंल. मी काय साधू हाय?" मग म्हटलं, कामावर घेऊ, लहान कामाला कमी, मोठ्याला जास्त. "मग मला लहान कामात मोठं काम दिसाया लागंल." महिन्याला ठरावीक घ्यावं, तर म्हणाल्या, ज्याचं मशीन धड चालतं त्यानं बिघडवणाऱ्याचे पैसे का भरायचे? मी हात टेकले. त्यावर त्यांनी मलाच विचारलं, "आपला वेळ जातो कशात, सांग बरं. दुरुस्तीत?"

मी विचार केला. दुरुस्ती पाच मिनिटांची असायची. वेळ जायचा काय झालं होतं ते शोधण्यात. आणि ते शोधावं लागायचं, कारण लोक सांगत नसत. सगळ्यांचं एकच पालुपद, 'मी काहीच केलं नाही, आपोआप झालं.'

"बस," बाई म्हणाल्या, "त्याचेच पैसे घ्यायचे."

पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आली आणि दारावर चढली. 'खरं सांगाल तर पन्नास. आठवून सांगाल तर शंभर. आपोआप झालं म्हणाल तर तीनशे.' पेंटरने तीन वेळा विचारलं होतं की बाई, नक्की हेच लिहू का.

पहिले काही महिने लोक भांडले. बाई मशीनमध्ये पाहायच्या, कुठली फाईल कधी उघडली, काय काढलं, काय घातलं, आणि तरी तोंडाने काही न सांगता फोनवर गोड आवाजात म्हणायच्या, "आठवून बघा न जरा." मग हळूहळू लोकांना गोडी लागली. फोन उचलला की पलीकडून नाव-गाव न सांगता सुरुवात व्हायची, "बाई, पन्नासवालं हाय! मी कायतरी दाबलं." येलदरीचा एक मासळीवाला तर काहीही बिघडायच्या आधी फोन करून विचारायचा, "हे दाबू का? दाबलं तर कितीला पडंल?" त्याला बाई फुकट सांगायच्या. चूक कबूल करायची लाजच त्या भागातून निघून गेली, निदान कॉम्प्युटरपुरती. घरातल्या चुकांचं मला माहीत नाही.

फक्त एक माणूस बधला नाही. बोरीचे शेठ.

बोरीत त्यांची आडत. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्या पंचक्रोशीचा माल त्यांच्या काट्यावर. त्यांचा कॉम्प्युटर आठवड्याला एकदा तरी बिघडायचा आणि दर वेळी तो आपोआप बिघडायचा. एकदा तर त्यांनी नातवासाठी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घातलेला, तो पडद्यावर चालू होता, मागून गाडीचा आवाज येत होता, आणि शेठ म्हणत होते, "काय की बाई, सकाळी उघडलं तर आपोआप आलेलं." काम झालं की लगेच पैसे. आमच्या दुकानात पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा होता. तो म्हणायचा, "तीनशे रुपये प्राप्त झाले," आणि बाई मान न वर करता म्हणायच्या, "बोरीत आपोआप झालं."

मला शेठचा राग यायचा. बाईंना यायचा नाही. मी एकदा शेठना फोनवर सरळ विचारलंच, "शेठ, अडीचशे कामून घालवता दर बारीला?" ते म्हणाले, "पोरी, मी काट्यावर बसणारा माणूस. आज कॉम्प्युटरवर 'चुकलं' म्हणलो तर उद्या शेतकरी म्हणंल, मापातबी चुकलं असंल. पैशे जाऊ दे. जबान न्हाई जाऊ देणार." हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, माणूस खोटारडा न्हाई. भित्रा हाय." आणि हे त्यांनी मायेने म्हटलं, मी शपथेवर सांगते.

तर अशा या आमच्या दुकानावर एक दिवस गदा आली. शहरातली एक कंपनी आमच्या भागात उतरली. महिन्याला ठरावीक रक्कम, हवे तितके फोन, छापील करार, गुळगुळीत कागद. जिंतूर आणि बोरीकडच्या दुकानदारांची आणि सेवा केंद्रवाल्यांची मिळून संघटना होती. तिने सगळ्यांचा करार एकदम करायचा ठरवलं, तर कंपनी आणखी सवलत देणार होती. संघटनेचे अध्यक्ष कोण? बोरीचे शेठ. शनिवारी त्यांच्याच आडतीत बैठक. आमची तीन चतुर्थांश गिऱ्हाइकं त्या एका बैठकीत जाणार होती.

"गेली तर?" मी विचारलं.

बाई पाणी प्यायला उठल्या. प्यायल्या. भांडं पालथं घातलं. "एकदा कुलूप लावलंय गं मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा न्हाई लागणार माझ्या हातून. तूच लाव मग."

मला नोकरीची काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मला त्यांचा तो आवाज सहन झाला नाही. इतकी वर्षं बढाया मारणाऱ्या बाईचा आवाज बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

शनिवारी सकाळी दुकान उघडतोय तोच सुमनताईंचा फोन. "बाई, मी दाबलं. आत्ताच दाबलं. पीकविम्याची सुधारित यादी म्हणून आलतं मोबाईलवर, कॉम्प्युटरात घेऊन उघडलं, तर यादीच न्हाई आत. पन्नासवालं हाय, पर मला भ्या वाटायलंय."

बाईंनी एका दमात सांगितलं, "नेटची वायर काढ. आधी वायर, मग बोल." मग त्यांनी तिच्याकडून मोबाईलवर ती फाईल मागवली, आमच्या जुन्या, कशालाही न जोडलेल्या मशीनवर उघडून पाहिली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. यादीच्या नावाखाली आत एक चोर-प्रोग्रॅम होता. लांब कुठेतरी बसलेल्या माणसाला तो गुपचूप दार उघडून द्यायचा. म्हणजे आम्ही जे करतो तेच, फक्त न विचारता.

"चपला घालून घुसायलाय मेला," बाई म्हणाल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना आवाजी निरोप पाठवला, की ही फाईल उघडू नका, उघडली असेल तर वायर काढा आणि फोन करा. आणि काय सांगू, फोनांची रांग लागली. "बाई, मी दाबलं." "बाई, मीबी." "बाई, माझ्या मिसेसनं दाबलं, पर सांगा मीच म्हणून." कुणी लपवलं नाही, कुणी उशीर केला नाही. वायर काढायची, बँकेला कळवायचं, फोनवर एकेक पायरी सांगून प्रोग्रॅम काढून घ्यायचा. घंटी सारखी वाजत होती. शेठचा फोन मात्र आला नाही. मी लावला, तर ते म्हणाले, "आमच्याकडं असलं कायबी आलं न्हाई. बैठकीच्या गडबडीत हाव."

बाई कधी कुणाच्या दारात जात नसत. "माझा धंदा लांबून करायचा हाय," हा त्यांचा हट्ट. म्हणून बैठकीला मी गेले, एसटीने, आणि माझ्या हातातल्या फोनवर बाईंचा चेहरा.

आडतीत पोत्यांच्या थप्प्यांपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीचे साहेब, इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला गोड. शेठच्या कॉम्प्युटरला त्यांनी मोठा टीव्ही जोडून घेतला होता आणि त्यावर आपली चित्रं दाखवत होते. एका केंद्रवाल्याने विचारलं, "साहेब, आमच्याकडनं चुकून कायतरी दाबलं गेलं तर?"

"वापरणाऱ्याची चूक असेल तर त्याचा आकार वेगळा," साहेब म्हणाले, "आणि चूक कशी झाली तो लेखी खुलासा लागेल."

खुर्च्यांवर चुळबुळ झाली. सकाळी सगळ्यांनीच दाबलं होतं. तेवढ्यात टीव्हीवरचं चित्र बाजूला सरकलं. साहेबांचा हात माउसवर नव्हता. कुणाचाच नव्हता. बाण सावकाश खाली आला, एक खिडकी मिटली आणि शेठच्या बँकेचं पान उघडलं.

शेठ ओरडले, "अरे, आपोआप हलायलाय! बाई, देवाशप्पथ, आपोआप हलायलाय!"

सगळी आडत खो खो हसली. हसणारच. फोनमधून बाई कडाडल्या, "हसू नका! शेठ, वायर काढू का?"

"काढा, काढा!"

मी झेप घेऊन वायर उपटली. बाण जागच्या जागी मेला. साहेब म्हणाले, मी तक्रार नोंदवतो, सोमवारी आमचा माणूस येईल. आणि शेठच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा माझं हसू मावळलं. हंगामातल्या सोयाबीनचे पैसे त्या खात्यात होते. गावोगावच्या शेतकऱ्यांचे, सोमवारी वाटायचे.

"शेठ," बाईंचा आवाज आता हळू होता, "आज तुमचा बाण खरंच दुसरं कुणीतरी हलवायलंय. पर मला एक कळलं पाहिजे. दार कवा उघडलं, आणि त्यानंतर तुमी बँकेचा पासवर्ड घातला का? त्याच्यावर सगळं हाय."

शेठसमोर पन्नासेक माणसं, संघटनेची, शिवाय माल घालायला आलेले शेतकरी. कपाळावर घाम. त्यांचे ओठ हलले आणि मला स्पष्ट दिसलं, पहिलं अक्षर 'आ' होतं.

तेव्हा बाईंनी मला फोन उंच धरायला सांगितला. "मंडळी, आज सकाळी ती फाईल कुणी कुणी दाबली? हात वर करा."

एक हात वर गेला. मग दुसरा. मग खताच्या दुकानवाल्याचा, मग केंद्रवाल्यांचे, मागच्या रांगेत एकाने दोन्ही हात वर केले कारण त्याने दोनदा दाबलं होतं. कुणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. हसत हसत वर केलेले हात, पोत्यांच्या थप्पीपर्यंत. आणि फोनच्या छोट्या चौकटीत बाईंचाही हात वर. "मीबी दाबली," त्या म्हणाल्या, "बघायला म्हून."

शेठने एकदा सगळीकडे पाहिलं. मग त्यांचा हात, तो काट्यावर कधी न थरथरलेला हात, खांद्यापर्यंत आला, थांबला, आणि वर गेला.

"मी दाबलं," ते म्हणाले. "सकाळी नवाच्या सुमाराला. मीच दाबलं. मग पासवर्ड टाकून पैशे बघितले. चुकलं माझं."

आडतीत टाळ्या पडल्या. टिंगलीच्या नव्हेत. एक म्हातारे शेतकरी माल घालायला आले होते, ते म्हणाले, "शेठ, हे सांगितलंत, आता मापाचा घोर न्हाई."

पुढचं भराभर झालं. बाईंनी आधी शेठना त्यांच्या मोबाईलवरून बँकेत फोन लावायला सांगितला. खातं थोपवलं गेलं. एक पैसासुद्धा हलला नव्हता. चोराने नुकतंच पान उघडलं होतं, आणि आम्ही वायर काढली होती. मग बाई फोनमध्ये खाली वाकल्या. आडतीतल्या कुणाला काय चाललंय ते कळलं नाही. मला कळलं. त्या चपला काढत होत्या.

"शेठ, नेट न्हाई, तवा आज हात तुमचे. मी सांगते तसं करा. चालंल न?"

"चालंल," शेठ म्हणाले, आणि मान खाली घालून स्वतःही जोडे काढून बसले. मी फोन पडद्यासमोर धरला. बाई सांगत गेल्या, शेठ एकेका बोटाने करत गेले, आणि चोर-प्रोग्रॅम निघाला. कंपनीच्या साहेबांनी तोवर आपली वायर गुंडाळली होती. शेठ उठले आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "साहेबांना चहा पाजा आन जिंतूरच्या गाडीला लावून द्या. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती.

मग शेठने खिशातून मोबाईल काढला. सवयीने बोट तीनवर गेलेलं मी पाहिलं. ते पुसलं. पुन्हा काहीतरी दाबलं. आडतीत सगळे फोनकडे पाहत होते, आणि फोनमधून, तिकडे जिंतुरात, आमच्या दुकानातला डबा खणखणीत ओरडला.

"पन्नास रुपये प्राप्त झाले."

आणि मागोमाग, टिंग!